जमैका इन : मेरीने शेवटी त्या गाडीत बसायला हवं होतं का?

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. परवा रात्री दोन वाजता डॅफ्ने द्यु मोरिएची 'जमैका इन' ही इंग्रजी कादंबरी संपवली, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. घरात कुणी वाचलेली नाही, ऑफिसात तर कुणाशी बोलणार, म्हणून धागा काढतेय. स्पॉयलर भरपूर आहेत, टोळीचा म्होरक्या कोण ते पण खाली येणार, त्यामुळे ज्यांना वाचायचीय त्यांनी आधी वाचून या.

थोडक्यात गोष्ट सांगते. १८१५-२० च्या आसपासचा काळ, इंग्लंडचं पार नैऋत्य टोक म्हणजे कॉर्नवॉल. मेरी यलन ही तेवीस वर्षांची शेतकऱ्याची मुलगी, बाप आधीच गेलेला, आई जाताना वचन घेते की माझ्या बहिणीकडे जाऊन राहा. म्हणून ही हिरवंगार हेलफर्ड सोडून ऐन नोव्हेंबरात पाऊस वारा अंगावर घेत बॉडमिन मूर नावाच्या उजाड माळावरच्या जमैका इन या सराईत येते. घोडागाडीवाला पण सांगतो की बाई तिथे नका उतरू, चांगली माणसं तिकडे जात नाहीत. लहानपणी पाहिलेली ती रिबिनी लावून हसत फिरणारी पेशन्स मावशी आता नुसती सावली उरलीय, तिचा नवरा जॉस मर्लिन सात फुटांच्या आसपासचा धिप्पाड दारुडा. सराईत गिऱ्हाईक म्हणून कुणी उतरत नाही पण मध्यरात्री गाड्या येतात, माल उतरतो, आणि वरच्या रिकाम्या म्हणवणाऱ्या खोलीत कुणीतरी असतं ज्याला खुद्द जॉस घाबरतो. हे झालं रहस्य. आणि प्रेम जमतं ते जॉसच्याच धाकट्या भावावर, जेमवर, आणि तो घोडेचोर.

पुढे कळतं की ही नुसती चोरटी दारू नाही, ही माणसं खोटा दिवा दाखवून जहाजं खडकावर आणतात आणि जिवंत राहिलेल्यांना मारून टाकतात. मावशी आणि काका दोघांचा खून होतो. म्होरक्या निघतो ऑल्टरनन गावचा पाद्री फ्रान्सिस डेव्ही, ज्याच्यापाशी मेरी मन मोकळं करत होती तोच. जेम त्याला गोळी घालतो. आणि मग शेवटच्या पानांत मेरी हेलफर्डला परत जायचं ठरवून बसलेली असताना जेम सामान लादलेली गाडी घेऊन समोर येतो, तो टेमर नदीपलीकडे, म्हणजे कॉर्नवॉलच्या हद्दीबाहेर निघालाय, लग्नाचं नाव नाही, घराचा पत्ता नाही, आणि ही त्याच्याबरोबर जाते.

मला इतका राग आला ना. पुस्तकभर आपण पेशन्स मावशीची काय गत झाली ते बघतोय, मेरी बघतेय, जेमचे हात हुबेहूब जॉससारखे आहेत हे तिच्या मनात परत परत येतं, आणि तरी. तुम्हाला काय वाटतं? तिने जायला हवं होतं का?

सडेकर

उत्तम धागा. शेवटावर नंतर येतो, आधी जागेबद्दल बोलू द्या कारण मी या पुस्तकात अडकलो तो त्या माळामुळे.

मूरला मराठीत काय म्हणायचं यावर मी बराच विचार केलाय. माळरान म्हटलं की मला सोलापूर बार्शीकडचं कोरडं रान दिसतं, ते हे नव्हे. आमच्या रत्नागिरीकडे सडा म्हणतात तो जास्त जवळचा, वर झाड नाही, नुसता खडक आणि गवत, पावसात जागोजागी पाणी साचलेलं, ढग खाली उतरला की दहा पावलांवरची गुरं दिसत नाहीत. फरक एवढाच की आमचा जांभा आणि त्यांचा ग्रॅनाईट, आणि त्यांच्याकडे दलदल आहे, वरून हिरवं गवत आणि खाली माणूस गिळेल एवढा चिखल. जॉसचा मधला भाऊ मॅथ्यू अशाच एका दलदलीत बुडून मेलेला असतो आणि जॉस ते सांगतो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण लहानपणी आमच्या आजीने सड्यावर धुक्यात एकट्याने न जायची शपथ घातली होती.

लेखिका स्वतः हरवली होती तिथे. १९३० साली ती आणि तिची मैत्रीण त्या सराईत उतरल्या होत्या, घोड्यावरून फिरायला गेल्या आणि धुक्यात वाट चुकल्या, शेवटी लगाम सैल सोडला तेव्हा घोड्यांनीच परत आणून सोडलं. सहा वर्षांनी १९३६ ला पुस्तक आलं. शेवटी पाद्री मेरीला घेऊन पळतो आणि धुकं उतरल्यामुळे त्याला डोंगरावर थांबावं लागतं, तो भाग वाचताना हे आठवत होतं मला. पाद्र्याला माळ पाठ आहे, दलदलीच्या वाटा पाठ आहेत, आणि तरी धुक्यापुढे त्याचं काही चालत नाही. ते धुकं तिने स्वतः अंगावर घेतलेलं आहे म्हणून एवढं खरं उतरलंय.

पावसाळी

मला पुस्तक आवडलं पण रहस्य म्हणून नाही आवडलं. पाद्री पहिल्यांदा आला तिथेच कळलं मला. एवढ्या उजाड जागी अवेळी घोड्यावर फिरणारा, इतकं मऊ बोलणारा आणि समोरच्याकडून सगळं काढून घेणारा पण स्वतःबद्दल काही न सांगणारा माणूस, आणि पात्रं एकूण सहा-सात, मग राहिलं कोण? मला वाटत होतं की जेमवर संशय येईल असं काहीतरी जोरात करेल लेखिका, ते केलंय पण अर्धवट. मेरीला त्याच्यावर संशय येतो, आपल्याला येत नाही.

पण शोध ज्या तऱ्हेने लागतो ते मात्र फार आवडलं. घोड्याच्या नालाचा खिळा सापडतो, जेम घोडेवाला माणूस म्हणून तो खिळा ताजा आहे हे त्याच्या लक्षात येतं, लोहार आपलं काम ओळखतो. चोराच्या ज्ञानानेच खुनी सापडला. आणि दुसरीकडे मेरीला पाद्र्याच्या टेबलात ते चित्र सापडतं, चर्चमध्ये बसलेल्या गावकऱ्यांना मेंढ्यांची तोंडं आणि वर प्रवचन देणाऱ्या पाद्र्याला लांडग्याचं. ते पान मी परत वाचलं, मेरी एकटी त्या घरात बसलेली आणि बाहेर तो येण्याची वेळ झालेली.

मुक्काम डेव्हन

मी शेजारच्याच काउंटीत राहते त्यामुळे दोनदा जाऊन आलेय, लिहायला हवंच. सराई खरी आहे, १७५० ची, बॉडमिन आणि लाँसेस्टनच्या मध्ये बोलव्हेंटर म्हणून वस्ती आहे तिथे. आता शेजारून ए-३० हा मोठा हायवे जातो, भिंतींवर पाटीचा दगड लावलाय, पुढे फरसबंदी अंगण. पुस्तकामुळेच गर्दी असते. स्मगलिंगचं म्युझियम केलंय आणि बारमध्ये जमिनीत पितळी पट्टी बसवलीय की जॉस मर्लिनचा खून या जागी झाला. काल्पनिक माणसाची खुनाची जागा, पण मी खरंच त्या पट्टीवर पाय न देता बाजूने गेले.

नाव जमैका का, तर त्या भागातले जमीनदार ट्रेलॉनी, त्यांच्या घराण्यातले दोघं जमैकाचे गव्हर्नर होते असं सांगतात. ऑल्टरनन तिथून चार-पाच मैलांवर, ओढ्यावर जुना दगडी पूल आणि पुढ्यात चर्च, गावाच्या मानाने केवढंतरी मोठं, मूरचं कॅथीड्रल म्हणतात त्याला. इतकं शांत सुंदर आहे की पाद्री तिथला का ठेवला ते कळतं.

एक मात्र सांगायलाच हवं. खोटे दिवे दाखवून मुद्दाम जहाजं फोडायची, हे कॉर्नवॉलच्या माथी मारलं गेलंय पण त्याला ठोस पुरावा इतिहासकारांना फारसा मिळालेला नाही. फुटलेल्या जहाजाचा माल अख्खं गाव उचलून न्यायचं हे खरं, ते सर्रास चालायचं. आणि १७५३ च्या कायद्यात खोटा दिवा लावला तर फाशी असं लिहिलेलं आहे हेही खरं, म्हणजे सरकारला भीती होती. चोरटा व्यापार तर घरोघरी होता कारण कर भयंकर, १७८४ पर्यंत चहावरची जकात ११९ टक्के होती, ती साडेबारावर आणली तेव्हा चहाची चोरटी आयात बसली. इथल्या लोकांना आपण जहाजफोडे म्हणून ओळखले जातो याचं वाईट वाटतं, माझ्या शेजारच्या आजी त्यावर पोटतिडकीने बोलतात. याच किनाऱ्यावरच्या माणसांनी वादळात होड्या घालून कित्येक जीव वाचवलेत.

सडेकर

डेव्हनताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझं आजोळ रेवसकडचं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि जी वाचली त्यातली कितीतरी कोळ्यांनी वाचवली, मासळी पाण्यात टाकून देऊन माणसं होडीत घेतली असं आजोबा सांगायचे. त्यामुळे त्या नाताळच्या रात्रीचं प्रकरण, मेरीला बांधून किनाऱ्यावर नेतात आणि तिच्या डोळ्यांदेखत जहाज दिव्याकडे येतं, ते मला वाचवेना. किनाऱ्यावरचा दिवा म्हणजे घर आलं असं ज्याला वाटतं त्याला त्याच दिव्याने मारायचं. यापेक्षा नीच काम नसेल. मेरी ओरडून जहाजाला सावध करायला बघते तेव्हा मी मोठ्याने ओरड ओरड म्हणालो होतो.

उंबरठा

शेवंती, तुझा प्रश्न मेरीबद्दल आहे पण मला पुस्तक संपल्यावर पेशन्सच आठवत राहिली. इंग्रजीत सगळ्यांनाच आंट म्हणतात त्यामुळे वाचताना लक्षात येत नाही, पण ती आईची सख्खी बहीण आहे, मावशी आहे. आपल्याकडे म्हणतात ना माय मरो पण मावशी जगो. इथे माय खरंच मेलीय आणि मावशी जगलीय, पण ती पोरीला कुशीत घ्यायच्या ऐवजी पोरीच्या आडोशाला उभी राहते, सगळं उलटं होऊन बसलंय.

माझी एक मावशी अशीच होती. काका खुनी वगैरे नव्हते, पण प्यायचे, आणि प्यायले की भांडी अंगणात यायची. सुट्टीत आम्ही गेलो की मावशी दारातच हळू सांगायची, आज जरा जपून हं, काकांना त्रास देऊ नका. पहिल्याच रात्री पेशन्स मेरीला हेच समजावत असते की तुझ्या काकांच्या कलाने घ्यावं लागतं, नवख्या माणसाला ते कळत नाहीत. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन दिवस उघडलंच नाही. मोठं झाल्यावर मी मावशीला विचारलं होतं, का नाही सोडलंस. म्हणाली, कुठे जाणार होते.

पेशन्सला तर कायद्यानेही जायला जागा नव्हती. इंग्लंडात १८५७ च्या कायद्यापर्यंत साध्या माणसाला कोर्टातून घटस्फोट मिळायची सोयच नव्हती, पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागायचा, तो पैसेवाल्यांनाच परवडणार. १८७० पर्यंत लग्न झालेल्या बाईने चार पैसे कमावले तरी ते कायद्याने नवऱ्याचे. म्हणजे तिने सराई सोडली असती तर अंगावरच्या कपड्यानिशी, त्या माळावर, आणि नवऱ्याने केलेले खून मनात घेऊन. तिला ते माहीत आहेत हे विसरू नका, ते ओझं तिला जास्त वाकवतं, मार एक वेळ परवडला. मला वाटतं पुस्तकातलं खरं रहस्य वरच्या खोलीत कोण आहे हे नाहीच, हसणारी पेशन्स अशी कशी झाली हे आहे, आणि ते लेखिका कुठेही एका वाक्यात सांगून मोकळी होत नाही.

शेवंती

उंबरठा, वाचून गलबलून आलं. आणि मला आता जास्तच वाटतंय की मेरीने जायला नको होतं. पेशन्सलाही जॉस कधीतरी जेमसारखाच वाटला असेल ना, देखणा, हसरा, घोड्यावरचा.

आर्या_२२

सगळ्या ताईंना सॉरी पण मी मेरीच्या बाजूने आहे आणि अगदी मनापासून आहे.

लाँसेस्टनच्या जत्रेचा भाग परत वाचा. जेमने जमीनदार बॅसटचा काळा तट्टू चोरलेला असतो आणि रंग लावून तो चक्क बॅसटच्याच बायकोला विकतो, मेरी बाजूला उभी राहून बघते आणि नंतर दोघं पोट धरून हसतात. अख्ख्या पुस्तकात मेरी हसते ती तिथे. आणि रात्री तो म्हणतो इथेच राहू, ती नाही म्हणते आणि तो ऐकतो. कुरबुर करतो पण ऐकतो. जॉसच्या घरात कुणाच्या नाहीला काही किंमत नाही, तो फेरीवाला हॅरी तिच्यावर झडप घालतो तेव्हा तिला झुंजून सुटावं लागतं. म्हणून जेमचं ऐकणं मला फार मोठं वाटतं.

आणि शेवटी पण तो गोड बोलून नेत नाहीये हो. तो स्पष्ट सांगतो की हाल होतील, घर नसेल, माणसं नसतील, तुला पस्तावा होईल. बॅसटच्या घरी तिला सुरक्षित जागा देऊ केलेली असते, हेलफर्ड पण आहे, म्हणजे तिच्यापुढे दोन रस्ते उघडे असताना ती तिसरा घेते. पेशन्सने काही माहीत नसताना घेतला होता. हा फरक मला खूप मोठा वाटतो. मेरी सुरुवातीपासून म्हणत असते की मी पुरुष असते तर, मला काम करायला आवडतं, मी कुणाला घाबरत नाही. तिला चहाच्या कपामागे बसून जमीनदारीणबाईंना सोबत करायला लावायची का? १९३६ साली एका बाईने लिहिलंय की ही मुलगी लग्नाशिवाय गाडीत चढते कारण तिला चढायचंय. मी तर टाळ्या वाजवल्या.

पावसाळी

आर्या, फार छान मांडलंस, जत्रेबद्दल तर शंभर टक्के. पण पस्तावा होईल हे सांगून नेणारा माणूस पस्तावा झाल्यावर काय करणार हे कुठे माहीतय आपल्याला? बापाला एक्झेटरला खुनासाठी फाशी झालेली, एक भाऊ बुडाला, एक भाऊ खुनी. जेम स्वतःच सांगतो हे सगळं. मी त्याच्या रक्ताला दोष देत नाही, पण ज्या घरात मारणंच बघितलंय तिथे वाढलेल्या माणसाला वेगळं वागायला शिकावं लागतं, आणि जेम शिकलाय याचा पुरावा मला एका जत्रेपुरताच मिळतो.

मांडवी

मी एरवी नुसती वाचून जाते, पण आज लिहिते. माझ्या धाकट्या भावाला अल्बिनिझम आहे. कोड नव्हे, कोड पुढे कधीतरी येतं, हे जन्मापासून असतं, अंगात मेलॅनिन तयारच होत नाही किंवा फार कमी होतं. केस, भुवया पांढऱ्या, ऊन सोसत नाही आणि नजर कमी असते. आमच्या गोव्यातलं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे, त्याने आयुष्यात कधी मित्रांबरोबर समुद्रावर दुपार काढलेली नाही. शाळेत एका शिक्षकांनी त्याला मागच्या बाकावर बसवलं होतं, फळा दिसत नाही हे माहीत असून, कारण पुढे बसलेला बाकीच्या मुलांना विचित्र वाटायचा.

फ्रान्सिस डेव्ही अल्बिनो आहे. मेरीला त्याची भीती वाटते ती आधी त्याच्या पांढऱ्या केसांची आणि फिकट डोळ्यांची, कृत्यांची नंतर. लेखिका परत परत त्या डोळ्यांवर येते. आणि शेवटी तो स्वतःच सांगतो की मी निसर्गाची चूक आहे, चुकीच्या काळात जन्मलोय, माझे देव जुने आहेत. म्हणजे त्याचा रंग हेच त्याच्या दुष्टपणाचं मूळ असल्यासारखं. पावसाळीताई म्हणाल्या की त्यांना पाद्री लगेच ओळखू आला. मला पण आला, पण मला तो ओळखू आला कारण गोष्टींमध्ये माझ्या भावासारखा दिसणारा माणूस आला की तो वाईटच निघतो.

मी पुस्तक टाकून दिलं नाही, पूर्ण वाचलं, तो मेंढ्या लांडग्याचा प्रसंग मलाही जबरदस्त वाटला. फक्त कुणीतरी इथे हे बोलावं असं वाटत होतं.

पावसाळी

मांडवी, मी वरती ओळखू आला असं लिहिलं तेव्हा हे मनात आलंच नव्हतं. आता परत विचार केला तर मलाही त्याच्या दिसण्यामुळेच संशय आला असणार, मऊ बोलण्याचं कारण मी मागाहून लावलं. लिहिलंस ते फार महत्त्वाचं आहे. भावाला माझा नमस्कार सांग.

मुक्काम डेव्हन

मांडवी, अगदी बरोबर. आणि मला वाटतं लेखनाच्या अंगानेही तिथे पुस्तक कमी पडतं. चार-चौघांसारखा दिसणारा, खोकल्याचं औषध देणारा, लग्नं लावणारा पाद्री असता तर जास्त हादरलो असतो.

रंकाळा

सिनेमावर कुणीच बोललं नाही म्हणून. हिचकॉकने केलाय १९३९ ला, हॉलिवूडला जायच्या आधीचा त्याचा शेवटचा ब्रिटिश सिनेमा. मॉरीन ओहारा मेरी झालीय. पण भावांनो त्यात पाद्रीच नाही! अमेरिकेच्या सेन्सॉरच्या नियमात धर्मगुरू खलनायक चालत नव्हता, म्हणून पाद्र्याचा जमीनदार केला, सर हम्फ्री पेंगॅलन, आणि चार्ल्स लॉटन स्वतः निर्माता असल्यामुळे ती भूमिका वाढत वाढत गेली. त्यामुळे म्होरक्या कोण हे सिनेमात लवकरच कळून जातं आणि पुढे नुसती पळापळ उरते. लेखिकेलाही सिनेमा आवडला नव्हता. पण लगेच पुढच्या वर्षी, १९४० ला, तिच्याच 'रेबेका'वर हिचकॉकने सिनेमा केला आणि तो गाजला.

मला स्वतःला पाद्रीच हवा. मेरी ज्याच्याकडे सगळं सांगते, ज्याच्या घरात ती मदतीची चिठ्ठी ठेवून जाते, तोच तो निघाल्यावर पायाखालची जमीन सरकते. जमीनदारावर आधीच कुणाचा एवढा विश्वास असतो?

शेवटाबद्दल म्हणाल तर आर्याला अनुमोदन.

जुनी पेटी

बऱ्याच वर्षांनी या पुस्तकाचं नाव ऐकलं, आनंद झाला. मी १९७४ साली वाचनालयातून आणून वाचली, तेव्हा मी साधारण मेरीच्याच वयाची होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. तेव्हा वाटलं होतं, बाई गं किती सुंदर शेवट. दुसऱ्यांदा वाचली ती पन्नाशीत आणि शेवटच्या पानावर मला थंडी जाणवली. शब्द तेच होते.

लेखिकेला प्रेमकथा लिहिणारी म्हणून शिक्का मारला जायचा ते तिला आवडायचं नाही, आणि मला ते पटतं, कारण तिच्या पुस्तकांत प्रेम आलं की शेजारी भीती उभी असतेच. शेवटी मेरी त्या गाडीत बसते तेव्हा आनंदाचा एकही मोठा शब्द तिने खर्च केलेला नाही. मेरी शेतावर वाढलेली आहे, गुरं पाखरं कशी जोडी करतात ते बघत मोठी झालीय, प्रेम म्हणजे चंद्रतारे असं तिला पहिल्यापासून वाटतच नाही. ती आपण काय करतोय हे बघून करते. आर्या म्हणते ते बरोबर आणि पावसाळी म्हणते तेही मला दिसतं, पण लेखिकेने दोन्हीतलं काही पुसलेलं नाही म्हणून मी ते पुस्तक तिसऱ्यांदा मागवतेय.

शेवंती, तुला एक विचारायचं होतं. मेरी हेलफर्डला परत गेली असती तर तिथे काय होतं गं तिचं? शेत गेलं, आई गेली. शेजारी चांगले होते हे खरं. पण मावशीला वाचवू शकलो नाही हे घेऊन ती त्या शेजाऱ्यांत काय बोलणार होती?

उंबरठा

पेटीमावशी, हे शेवटचं वाक्य लागलं. जेमला काही सांगावं लागत नाही तिला. त्याला ते घर माहीत आहे.

आर्या_२२

अरे हो!! मी या बाजूने विचारच केला नव्हता. जॉस कसा होता हे जगात आता त्या दोघांनाच माहीत आहे.

शेवंती

दोन दिवस प्रतिसाद लिहिता आला नाही कारण मावशीकडे गेले होते. तिचे डोळे आता चालत नाहीत, त्यामुळे गेले की मी काहीतरी वाचून नाहीतर सांगून दाखवते. यावेळी हीच गोष्ट सांगितली, मराठीत, जमेल तशी, मूरला सडा म्हटलं (सडेकर, धन्यवाद, तिला लगेच कळलं). तुमचे प्रतिसादही वाचून दाखवले. मांडवीचा वाचला तेव्हा ती म्हणाली की त्या पोराला सांग, सावलीत बसून का होईना एकदा आमच्याकडे ये.

शेवटी मी विचारलं, मेरीने जायला हवं होतं का. तिने माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. तिने विचारलं, खुनाच्या रात्री मेरी मदत आणायला बाहेर पडली तेव्हा पेशन्सला बरोबर का नाही नेलं. मी म्हटलं अगं तिला चालवलं नसतं, जॉस बंदूक घेऊन बसला होता, ती त्याला सोडून आलीही नसती. मावशी म्हणाली, आली नसती ते ठीक, पण एकदा विचारलं होतं का तिने.

मी रात्री पुस्तक काढून ती प्रकरणं परत वाचायला घेतलीत. अजून शोधतेय.